नांदरगाव हॉल्टची खिडकी

नांदरगावचं स्टेशन का बंद पडलं, असं गावात कुणालाही विचारा. तो आधी रेल्वेला दोन शिव्या हासडेल, मग सांगेल की करोनात गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आमचा थांबाच काढून टाकला. खोटं नाही ते. पण त्याआधी ते स्टेशन एकदा बंद पडता पडता वाचलं होतं, आणि ते कुणामुळं वाचलं हे सांगताना लोक आशाबाईचं नाव घेतात, छाती फुगवून घेतात. आशाबाईला स्वतःला त्याचं काय वाटतं, ते मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं होतं.

दौलताबाद सोडून गाडी मनमाडकडं निघाली, की किल्ला बराच वेळ खिडकीतून हटत नाही. तो एकदाचा मागं पडला की रुळालगत एक बाभूळ, एक हापसा आणि एक खोली दिसते. तेच नांदरगाव हॉल्ट. हॉल्टला ना स्टेशनमास्तर असतो, ना सिग्नल. एक खोली, खोलीला एक खिडकी, आणि त्या खिडकीत गावातलाच एखादा माणूस. रेल्वेच्या भाषेत तो एजंट. त्यानं दौलताबादहून तिकिटं आणायची, गाडीच्या वेळेला विकायची, आणि त्यातून जे काय थोडं कमिशन सुटेल त्यात समाधान मानायचं. पॅसेंजर सकाळी शहराकडं जायची आणि संध्याकाळी मनमाडकडं. दोन्ही वेळा जेमतेम मिनिटभर टेकायची. पण गावाला तेवढं बास होतं. सीताफळाच्या पाट्या, दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखा असलेली माणसं, सगळी तिच्यातच कोंबली जायची.

खिडकीत बसायचा आशाबाईचा नवरा, सांडू दांडगे. माणूस असा की कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, वाकडा शब्द नाही. गाव त्याला देवमाणूस म्हणायचं. आता देवमाणसाच्या हातात तिकिटाची खिडकी देऊ नये, एवढं रेल्वेला कळायला हवं होतं. पण रेल्वेला गाव कुठं ठाऊक?

सांडूची अडचण अशी होती, की त्याला तिकीट मागायची लाज वाटायची. गावाची लेक माहेरपण करून सासरी निघालेली असायची, ओटीत तांदूळ-नारळ, डोळे ओले, आणि हा म्हणणार 'पैसे काढ'? लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. नांदरगावात आजही अशी माणसं आहेत, जी लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवत नाहीत. तर लेकींना सांडूनं कधीच तिकीट लावलं नाही. मग म्हाताऱ्यांना तरी कसं लावायचं, त्यांनी तर याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मग भावकी आली. भावकी सोडली तर व्याही आले. शाळेची पोरं तर आपलीच. दवाखान्यात निघालेल्या माणसाकडं हात पसरायला हा काय कसाई होता? तिकीट परक्याला, असा त्याचा सरळ हिशोब होता. आणि नांदरगावात परका कोण? शोधून सापडायचा नाही.

त्या गाडीला चेकरही क्वचितच यायचा. त्यामुळं गाडीत चढताना अर्धं गाव चढायचं आणि खिडकीवर तिकिटं खपायची ती एखाद्या खतवाल्या एजंटाला नाहीतर वाट चुकलेल्या पर्यटकाला.

आशाबाईचं तसं नव्हतं. ती फुलंब्रीकडची, गावाची सून. नात्यागोत्याचा तिला काही लिहाज नव्हता असं नाही, पण सगळं गाव तिच्या सासरचं. तिला इथं ना कुणी बहीण होती, ना आत्या. सांडू मळ्यात पाणी द्यायला गेला की ती खिडकीत बसायची आणि जो समोर येईल त्याला सरळ विचारायची, "कुठलं देऊ?" लोक लांबूनच खिडकीत तिचा पदर बघायचे आणि हापशावर जाऊन उगाच तोंड धूत बसायचे, सांडू येईपर्यंत. एखादा धीट पुढं होऊन म्हणायचा, "सांडूभाऊ कुठं गेले, वहिनी?"

"मळ्यात गेलेत. पण तिकीट माझ्याकडं बी तेच हाये."

यावरून शेवटी तकरार झालीच. भावकीतले वडीलधारे बद्रीनाथ तात्या एका सकाळी ओट्यावर येऊन बसले आणि सांडूला म्हणाले, "बाईमाणसानं खिडकीत बसणं आपल्या घराला शोभत नाय." खरी गोष्ट अशी, की तात्यांच्या लासूरला दिलेल्या बहिणीला, मनकर्णाबाईला, आदल्याच दिवशी आशाबाईनं सासरचं तिकीट काढायला लावलं होतं. मनकर्णाबाई साठी उलटलेली, पण माहेरची ओढ अशी की दर आठवड्याला हजर. सांडूनं तात्यांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आशाबाई घरी बसली. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "तुमी चांगुलपणा करा. स्टेशन कुठवर टिकतंय ते बघू."

तिला स्टेशनची एवढी काळजी का, तेही सांगायला पाहिजे. तिचं माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं, पण तिथं जायचं म्हणजे जीप, मग शहर, मग एसटी, मग पुन्हा जीप. तिची आई गेली तेव्हा निरोप आला आणि ही पोचली तोवर तिकडं सगळं आटोपून माणसं आंघोळी करून बसली होती. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. तिला एकच लेक, प्रेरणा. तिला स्थळं येऊ लागली तेव्हा आशाबाईनं मुलाचा पगार विचारला नाही, घर पक्कं की कच्चं ते विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, "तुमच्या गावाला गाडी थांबती का?" रोटेगावजवळच्या एका घरानं थांबते म्हणून सांगितलं, आणि त्या घरच्या गोकुळला प्रेरणा दिली. लेक सकाळी तिकडं बसली की जेवणाच्या आधी इकडं, अशी सोय. आशाबाई ते बायकांना सांगायची तेव्हा तिच्या तोंडावर असं समाधान असायचं की विचारू नका.

आणि मग रेल्वेचा साहेब आला. कुणी म्हणालं तपासणीला आला, कुणी म्हणालं नुसताच फिरत आला. तो बाभळीखाली उभा राहिला, संध्याकाळची पॅसेंजर आली, त्याच्या डोळ्यांदेखत माणसांची ही झुंबड चढली. गाडी गेल्यावर त्यानं सांडूला विचारलं, "आज किती तिकिटं गेली?" सांडूनं खरं तेच सांगितलं, खोटं त्याला येतच नव्हतं. साहेब रागावला नाही. तो म्हणाला, "कागदावर तर इथं कुणी राहतच नाही असं दिसतं. उन्हाळ्यात पुन्हा आकडे बघतील. असंच राहिलं तर गाडी थांबायची नाही." एवढं बोलून तो जीपमध्ये बसून गेला.

गावाचं धाबं दणाणलं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की उद्यापासून तिकीट काढायचंच, कुणी कुणाची भीड धरायची नाही. टाळ्या वाजल्या, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात बाजाराला निघालेली मनकर्णाबाई पहिलीच खिडकीशी आली आणि तिनं, खरं सांगायचं तर, पैसे पुढं केलेसुद्धा. पण सांडूचा हातच पुढं होईना. "ऱ्हाऊ द्या आत्या, तुमच्यापासून कुठं सुरुवात करू," असं म्हणून त्यानं हात मागं घेतला. आत्याला सोडलं म्हटल्यावर मागच्यानं कशाला द्यावेत? संध्याकाळपर्यंत कालचाच कारभार सुरू झाला.

मग पुन्हा बैठक. या वेळी टाळ्या नव्हत्या. खिडकीत बसणार कोण, यावर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. बायका पाराच्या कडेला उभ्या होत्या, त्यातून आशाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला आणि म्हणाली, "मी बसते. पण एक हाये. मग कोण कुणाची लेक आन कोण कुणाची बहीण, हे मला कुणी सांगायचं नाय. खिडकीपुढं येईल तो पॅसेंजर."

बद्रीनाथ तात्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. घराच्या शोभेचा मुद्दा त्यांनी काही पुन्हा काढला नाही. "बसा, सूनबाई," ते म्हणाले, "मंजूर."

मंजूर झालं खरं, पण गावाला ते गोड लागलं असं समजू नका. ज्यांनी माना डोलावल्या होत्या, तेच खिडकीपुढं आले की आडून टोमणे मारायचे. "वहिनी, आमच्या पोराला बी लावता का अर्धं? कडेवर हाये अजून." मनकर्णाबाई तर तिकीट हातात घेतलं की ते प्रकाशात धरून उलटसुलट बघायची, नोट खोटी आहे का बघतात तशी, आणि मोठ्यानं म्हणायची, "चाळीस वर्षं आले-गेले, पण माहेरानं आजच भाडं घेतलं." हळदीकुंकवाला आशाबाई गेली की बोलणं थांबायचं. एकदोन घरांतून तर बोलावणंच आलं नाही. आशाबाईला ते लागायचं. रात्री भाकरी थापताना तिचे हात जोरात चालायचे आणि सांडू समजून जायचा. पण ती खिडकी काही सोडत नव्हती. गाडी थांबत राहिली तर प्रेरणा येत राहील, एवढं एकच तिनं डोक्यात घट्ट धरलं होतं.

गावात एक कुजबुज मात्र वाढत होती. दुसऱ्याच्या लेकींना लावते, बरोबर आहे. हिची स्वतःची येऊ दे, मग बघू. मनकर्णाबाईनं हे कुजबुजून नाही, हापशावर भांडं घासत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

आणि प्रेरणा आली. ना सण, ना लग्न, ना कुणाचं बारसं. सकाळच्या गाडीतून एक पिशवी घेऊन उतरली. लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. "अशी अचानक कशी गं?" आशाबाईनं विचारलं, तर म्हणाली, "करमत नव्हतं." आईला आनंदच झाला. तिनं शेंगदाण्याची चटणी कुटली, मेथी निवडली, लेकीच्या डोक्याला तेल लावलं. प्रेरणा आईच्या मागं मागं स्वयंपाकघरात फिरायची, मध्येच थांबायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची, आणि तेवढ्यात गाडीची वेळ व्हायची. आशाबाई चपला घालून खिडकीकडं पळायची. आली की दमलेली असायची, गावात कोण काय बोललं ते सांगायची. प्रेरणा ऐकून घ्यायची.

चारआठ दिवसांनी गोकुळचा फोन आला, सांडूला. कधी पाठवताय, असं त्यानं विचारलं. सांडूनं नेहमीच्या गोडीनं सांगितलं, "पाठवतो की जावईबापू, उद्याच्या गाडीनं पाठवतो." जावयानं मागितलं की द्यायचं, यापलीकडं सांडूचं डोकं चालत नव्हतं. प्रेरणा चुलीपाशी बसली होती. तिनं ते ऐकलं आणि चुलीत आणखी एक काटकी सारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आशाबाईनं घाईघाईनं तिची ओटी भरली, हातावर दही ठेवलं आणि स्वतः पुढं निघाली, कारण खिडकी उघडायची होती. प्रेरणा बापाबरोबर मागून आली. त्या दिवशी स्टेशनवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. ज्यांना कुठंही जायचं नव्हतं तेसुद्धा बाभळीखाली येऊन उभे होते. प्रेरणा निघाल्याची बातमी कुणी पसरवली ते सांगायची गरज नाही. रांग लागली होती. प्रेरणा रांगेत उभी राहिली आणि तिच्या बरोब्बर मागं मनकर्णाबाई, मान उंच करून.

प्रेरणा खिडकीशी आली. आशाबाईनं सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं, "कुठलं देऊ?"

 प्रेरणानं खिडकीच्या फळीवर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली. बाभळीखालचं बोलणं थांबलं. मागून मनकर्णाबाई खाकरली.  आशाबाईला वाटलं, उठावं, दार उघडून बाहेर जावं, पोरीला पोटाशी धरावं आणि जा म्हणावं बाई, तुला कसलं तिकीट. पण तेवढं केलं असतं की झालं, उद्यापासून ही खिडकी बंदच करावी लागली असती. पोरीला पैशाची लाज वाटली, चारचौघांत आईनं मागितले म्हणून ती रुसली, असं तिनं मनाशी धरलं. तिनं रांगेकडं बघितलं, मनकर्णाबाईकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रोटेगावच ना? काढ पैसे, गाडी यायची वेळ झाली."

प्रेरणानं पर्स उघडली. पैसे दिले, तिकीट घेतलं. गाडी आली आणि ती गेली. सांडू त्या दिवशी स्टेशनवरून परस्पर मळ्यात निघून गेला आणि बायकोशी चार दिवस बोलला नाही. देवमाणसाला राग आला तर तो असाच येतो.

पण गाव गार पडलं. पोटच्या पोरीला सोडलं नाही म्हटल्यावर कुणाची काय बिशाद? प्रेरणामागोमाग मनकर्णाबाईनंही मुकाट्यानं लासूरचं तिकीट घेतलं, प्रकाशात धरलं नाही. पोरं पास काढून आणू लागली. उन्हाळ्यात रेल्वेनं आकडे बघितले आणि थांबा कायम राहिला. झेंडावंदनाला बद्रीनाथ तात्यांच्या हातून आशाबाईला शाल-नारळ दिलं. तात्या भाषणात म्हणाले, "ही आमच्या घरची सून." टाळ्या वाजवणाऱ्यांत मनकर्णाबाईही होती. तो किस्सा आजूबाजूच्या गावांत गेला, लग्नाच्या पंगतीत सांगितला जाऊ लागला. आशाबाईही सांगायची. सुरुवातीला संकोचत, मग रंगवून. कोण कुठं उभं होतं, कोण खाकरलं, सगळं साग्रसंगीत. ऐकणारे माना डोलवायचे.

एक मात्र झालं. गाडी थांबत राहिली, पण प्रेरणाचं येणं कमी झालं. दिवाळीला आली ती दोन दिवसांत गेली. बाळंतपणाला आली तेव्हाही आईशी कामापुरतं बोलली. मुलगी झाली, बारसं झालं, गोकुळ येऊन दोघींना घेऊन गेला. आशाबाई मनात म्हणायची, रुसली आहे पोरगी, एका तिकिटावरून एवढं काय धरून बसायचं? तिला वाईट वाटायचं आणि थोडा रागही यायचा. मी हे सगळं कुणासाठी केलं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण फोनवर असलं कुठं बोलता येतं?

पुढं करोना आला. गाड्या बंद झाल्या त्या झाल्याच. पुन्हा धावू लागल्या तेव्हा पॅसेंजरचं नाव बदललं होतं, भाडं बदललं होतं, आणि नांदरगावला ती थांबेनाशी झाली. गावानं आधी वाट पाहिली, मग अर्ज केले, मग जीपची सवय करून घेतली. खोलीची खिडकी कुणीतरी विटा लावून बुजवली. प्लॅटफॉर्मवर आता मका वाळत घालतात. आशाबाई कधी शेतातून येताना थोडी थांबते, नाही असं नाही, पण डोळ्यांतून पाणीबिणी काढत नाही. तशी ती बाई नव्हे.

गाड्या बंद असतानाच्याच काळात एक दिवस सांडूचा फोन वाजला. प्रेरणानं नवऱ्याचं घर सोडलं होतं. लेकीला घेऊन निघाली होती, आणि नांदरगावला न येता सरळ शहरात गेली होती, मुकुंदवाडीत, एका मैत्रिणीकडं. गोकुळ हात उचलतो, पहिल्यापासून उचलतो, हे तेव्हा या दोघांना कळलं.  सांडूनं मोटारसायकलवर ज्वारीचं पोतं टाकलं आणि शहर गाठलं, आणि मग दर महिन्याला जात राहिला. आशाबाई गेली नाही. बोलावलं नव्हतं म्हणून गेली नाही. एवढं झालं तरी पोरगी आईच्या दारात आली नाही, हे तिला गिळता येईना. तिला नक्की ठाऊक होतं, हे त्या तिकिटाचंच. प्रेरणाला बिडकीनच्या एका कंपनीत काम लागलं, तिनं भाड्यानं खोली घेतली, नात शाळेत जाऊ लागली. हे सगळं आशाबाईला सांडूकडून कळायचं.

गेल्या हिवाळ्यात गावानं पुन्हा उचल खाल्ली. थांबा परत मिळावा म्हणून शिष्टमंडळ शहरात साहेबांना भेटायला निघालं, आणि आशाबाईनं यायलाच पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट पडला. "काकू, तुमचा तो किस्सा सांगा. साहेबाला कळू द्या, या गावानं स्टेशनसाठी काय काय केलंय." ती गेली. साहेबाच्या टेबलापुढं उभी राहून तिनं सांगितलं, हातवारे करून सांगितलं. साहेबानं चहा मागवला, बघू म्हणाला. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं आणि तिथून बाहेर पडेपर्यंत ते गावभर, पाहुण्यारावळ्यांत, सगळीकडं गेलं होतं.

जीप परतीला निघाली तेव्हा आशाबाई म्हणाली, मला मुकुंदवाडीला सोडा. आज तिच्या अंगात बळ आलं होतं. तिनं ठरवलं होतं, जाऊन पोरीपुढं सरळ चूक कबूल करायची आणि हा रुसवा मिटवायचा.

प्रेरणा नुकतीच कामावरून आली होती. आईला दारात बघून ती चकित झाली, पण तिनं पाणी दिलं, चटई टाकली. नात शेजारी खेळायला गेली होती. प्रेरणा भाजी चिरायला बसली आणि म्हणाली, "आला तुझा व्हिडिओ मोबाइलवर. चांगलं बोललीस."

आशाबाईला तोच धागा हवा होता. "त्याचंच बोलायला आले गं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्याकडून तिकीट घ्यायला नको होतं. चारचौघांत तुझी मान खाली गेली. मी काय करू, सगळं गाव बघत होतं. तू अजून बी मनात धरून बसलीस, मला कळतंय. आईचं चुकलं म्हण आन सोडून दे."

प्रेरणानं चिरलेली भाजी बाजूला सारली आणि पुढची हातात घेतली.

"तिकिटाचं काय आई, सगळ्याच काढतात तिकीट," ती म्हणाली. "मला जायचंच नव्हतं त्या दिवशी. आठ दिवस झाले, सांगीन सांगीन म्हणत होते. घरी तुला वेळच नव्हता, आन बाबांनी उद्या पाठवतो म्हणून कबूल करून टाकलं. मला वाटलं, खिडकीशी गेले की आईला माझ्या तोंडावरून कळंल. तू विचारलंस, कुठलं देऊ. मला म्हणायचं होतं, कुठलंच नको."

"मग बोलायचं ना माय," आशाबाई म्हणाली.  "एक शब्द बोलायचा."

"तू माझ्याकडं बघतच नव्हतीस. मागं रांगेकडं बघत होतीस."

आशाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती रडू लागली. रडताना तिला स्वतःचा दुपारचाच आवाज ऐकू येत होता, साहेबापुढं रंगवून सांगतानाचा. त्याच गाडीत तिनं पोरीला बसवून परत धाडलं होतं, आणि वर शाल-नारळ घेतलं होतं. प्रेरणा उठली नाही आणि तिनं आईला गप्पही केलं नाही. भाजी चिरून झाल्यावर तिनं गॅस पेटवला.

डोळे पुसून आशाबाई म्हणाली, "आता तरी चल घरी. पोरीला घे आन चल. ऱ्हा तिथंच, कुणी पाठवायचं नाय तुला कुठं."

फोडणीत मोहरी तडतडली. प्रेरणानं भाजी कढईत टाकली आणि झाकण ठेवलं.

"उद्या माझी सकाळची पहिली शिफ्ट हाये, आई," ती म्हणाली. "तू जेवून घे."